हरणापायी सुटलेली ट्रेन

स्कॉटलंडला कार न घेता जायचं, हा निर्णय आमच्या घरी एकमताने झाला. ते एक मत माझं होतं.

साल दोन हजार सहा-सात असेल. कार्बन फूटप्रिंट हा शब्द तेव्हा इंग्लंडात नुकताच सगळ्यांच्या तोंडी बसत होता, आणि माझ्या तर डोक्यातच बसला होता. "हॅरोपासून हायलँड्सपर्यंत ट्रेन, पुढे पायी. कारमध्ये पाऊल ठेवणार नाही!" मी जाहीर केलं.

"अगं, पण आईचे गुडघे…" माझा नवरा विवेक म्हणाला.

"माझे गुडघे मध्ये घालू नकोस," सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "खिडकी मात्र माझी."

"तिकडे टीव्ही असते का?" आमची बारा वर्षांची मीरा. (जन्म इंग्लंडातला, त्यामुळे मराठीतली लिंगं तिच्या मर्जीने चालतात.)

"नाही."

"मग मी नाही येतो!"

आली. सगळेच आले. ओढ्याच्या पाण्यावर केलेल्या विजेचे दिवे लागणाऱ्या कॉटेजमध्ये राहिलो, डोंगर तुडवले, कचरा पिशवीत बांधून परत आणला. कोणी कुरकुरलं नाही, म्हणजे मला ऐकू येईल असं नाही. घोटाळा झाला तो परतताना.

स्टेशन म्हणजे एक फलाट, एक बाक आणि एक पाटी. ट्रेन हवी असेल तर ड्रायव्हरला स्पष्ट हात दाखवा, असं पाटीवर लिहिलं होतं. मी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून, मराठीत समजावून सांगितलं. वर मीराकडून प्रॅक्टिसही करून घेतली!

लांबून ट्रेनचा आवाज आला, आणि नेमकं तेव्हाच रुळांपलीकडच्या झुडपांतून एक हरीण बाहेर आलं. हे एवढाल्या शिंगांचं!

"श्श! कोणी हलू नका!" मी कुजबुजले.

"अगं, ट्रेन…" विवेकने हात उचलला.

"हात खाली घे! घाबरेल ते बिचारं!"

ट्रेन आली. हात अंगाला चिकटवून पुतळ्यांसारखे उभे असलेले आम्ही चौघं ड्रायव्हरला दिसलो. ही मंडळी हरीण बघायला आली आहेत, असं त्याला वाटलं असणार. (बरोबरच होतं!) ट्रेन निघून गेली. हरणाने मानसुद्धा वर केली नाही. जन्मभर ट्रेनच बघत आलं होतं ते.

"आई, ट्रेन गेला," मीरा म्हणाली.

पुढची ट्रेन संध्याकाळी, आणि तीही शेवटची. मोबाइलवर सिग्नलची एक दांडी नाही. तेवढ्यात दोन कुत्री घेतलेली एक शेतकरीण खटारा जीपमधून आली. "टाउनला चाललेय, बसा!" म्हणाली. तिचं वाक्य संपायच्या आत विवेक आत!

"विवेक, ही कार आहे!"

"ती तशीही चाललीच आहे ना?" सासूबाई जीपमध्ये बसून पाय वर घेत म्हणाल्या. "आपण बसलो काय, न बसलो काय, धूर तेवढाच."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी तो ऐकलाच नाही. "तुम्ही खुशाल जा. मी ट्रेननेच येणार!"

"वेडी आहेस का?"

"तत्त्व म्हणजे तत्त्व!"

सासूबाईंनी खिडकीतून चिवड्याची पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या अंगावरची शाल काढून घेतली. "तुला तत्त्व आहे. मला थंडी वाजते."

जीप गेली, वारा पडला, आणि मिज आले. मिज म्हणजे चावरी चिलटंच, पण अख्ख्या मोहल्ल्यासकट जेवायला येणारी! तिथला निसर्ग अस्पर्शित का राहिला, ते मला तेव्हा कळलं. स्वतःच्याच थोबाडीत मारत मी फलाटावर येरझारा घातल्या, पण जागा सोडली नाही.

ट्रेन दिसताच दोन्ही हात वर केले, चिवड्याची पिशवी फिरवली, उड्या मारल्या, मराठीत ओरडले. ब्रेक किंचाळले. गार्ड धावत खाली उतरला. "काय झालं? रुळावर कोणी पडलंय?"

"नाही. मला जायचंय."

"मॅडम," तो माझ्या केसांतल्या शेवेकडे बघत म्हणाला, "एक हात पुरतो."

टाउनच्या फलाटावर तिघंही उभे होते, पोटभर चिप्स खाऊन तुकतुकीत. मी उतरले, तर सासूबाई माझ्या खांद्यावरून डब्यात डोकावत म्हणाल्या, "अरे, आपली सून कुठे राहिली?"

"आई! तुझी फेस किती मोठा झाली!"

माझा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने मी तिघांकडे ताठ मानेने पाहिलं. निसर्गाला कणभरही इजा करायची नाही, हा माझा शब्द मी शेवटपर्यंत पाळला होता. निसर्गाने मात्र मला तसा काही शब्द दिलेला नव्हता!