उंदीर बरे होतात, माय नाही झाली

"मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालाय. इस्केमिक," नांदेडचे डॉक्टर स्कॅन दाखवत म्हणाले. "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. ती वेळ गेली."

इस्केमिक स्ट्रोक म्हणजे गुठळीमुळे मेंदूची रक्तवाहिनी बंद पडणं. मला हे कुणी समजावायची गरज नव्हती. हैदराबादच्या प्रयोगशाळेत मी हेच काम करते. भूल दिलेल्या उंदराच्या मेंदूचं रक्त अडवायचं, औषध द्यायचं, तो पाय कसा टाकतो ते बघायचं.

माय वसमतजवळच्या आमच्या गावात हळद वाळवताना पडली. ऊन लागलं समजून भावानं तिला सावलीत निजवलं. संध्याकाळी तोंड वाकडं दिसलं, तेव्हा गाडी शोधली.

प्रेशरची गोळी तिनं कधीच सोडली होती. "डोकं दुखत न्हाई, तर गोळी काहून खायची?" असं फोनवर म्हणायची.

अशा गोळ्याही आधी उंदरांवरच तपासतात. आनुवंशिकतेनंच प्रेशर वाढणारी त्यांची एक जात असते. उंदराचं प्रेशर उतरवणाऱ्या बऱ्याच गोळ्या माणसालाही लागू पडल्या. स्ट्रोकनंतर मेंदू वाचवणाऱ्या औषधांचं तसं झालं नाही. उंदरांत चाललेली कितीतरी औषधं माणसांत फसली. आमचे उंदीर तरुण, धडधाकट. औषध त्यांना लगेच मिळतं. त्यांना कुणी सावलीत निजवत नाही.

मायला गिळता येईना. नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे अन्नाची नळी घातली. डावा हात उचलून सोडला की गादीवर पडायचा.

नळी निघाल्यावर एका दुपारी ती जड जिभेनं म्हणाली, "तुझे उंदरं बरे होऊन राहिले का?"

"काही होतात, माय."

"मंग सोडून देता?"

"न्हाई. मारावं लागतं. आत मेंदू बघायला."

"माझ्या आत नको बघू आता. घरी ने."

नेली. हात परत आला नाही. ती उजव्या हातानं जेवते, वाकड्या तोंडातून घास सांडतो, आणि कुणी बघत असलं की ती थांबते.

तुमच्या घरी कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं जड झालं, तर निजवू नका. थेट मोठा दवाखाना गाठा. आणि दुखत नसलं तरी प्रेशरची गोळी चालू ठेवा.

कामावर परतल्यावर मी प्रयोगशाळेच्या सरांना म्हटलं, म्हातारे आणि प्रेशरचे उंदीर घेऊ, आणि औषध उशिरा देऊ. त्यांनी होकार दिला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आता बरेच उंदीर दगावतात, औषधाचा गुण फारसा दिसत नाही. मी ते तसंच लिहून ठेवते.