दौलतरावांचं भेकर

दौलतरावांनी जन्मभर लोखंड साफ केलं आणि साठी उलटल्यावर ते हरणाची कवटी साफ करायला बसले. अंबरनाथच्या एका कारखान्यात गंजका माल ॲसिडच्या टाकीत बुडवायचा आणि लखलखीत करून बाहेर काढायचा, हे त्यांचं काम होतं. बुवापाड्यातलं घर सोडून ते लेकीकडे, बदलापूरला खरवईच्या उंच इमारतीत राहायला आले, तेव्हा त्यांनी बरोबर कपडे, हत्यारांची पेटी आणि मायाचा फोटो एवढंच आणलं. माया म्हणजे त्यांची बायको. ती गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

लेक ऑफिसला गेली की रिकामं घर खायला उठायचं, म्हणून दौलतराव सकाळची बस धरून बारवी धरणाच्या बाजूला जायचे आणि रानात पायी हिंडायचे. तिथेच एका सुकलेल्या ओहोळात, पाल्यातून दोन आखूड शिंगं वर आलेली दिसली. मुंग्यांनी मांस केव्हाच संपवलं होतं, कातडीचे वाळके पापुद्रे तेवढे उरले होते. दुसरा कोणी वळसा घालून गेला असता. दौलतरावांना मात्र वाटलं, हे मायाचं हरीण.

लग्न झाल्या झाल्या मायाने हट्ट धरला होता. सारनाथला जायचं, बुद्धांनी पहिला उपदेश केला ती जागा पाहायची आणि तिथली हरणंही पाहायची. दौलतराव म्हणायचे, येत्या थंडीत नक्की. थंडी आली की ओव्हरटाइम यायचा. मग पोरगी झाली, तिची शाळा आली, शेवटी मायाचं दुखणं आलं आणि सारनाथ राहिलं ते राहिलंच. आता निदान तिच्या फोटोसमोरच्या भिंतीवर एक हरीण लावून द्यावं, म्हणजे दिलेल्या शब्दातून आपण सुटू, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि ते कवटी घरी घेऊन आले.

“पप्पा, हे इल्लीगल असतं,” रविना म्हणाली. “फॉरेस्टवाले उचलून नेतील तुम्हाला.”

“मी मारलं का त्याला?”

“मारलं नाही, पण घरात ठेवणंपण गुन्हाच आहे ना. आणि वास बघा किती येतोय.”

“वास जाईल,” दौलतराव म्हणाले. रविनाने गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि ती ऑफिसला निघून गेली.

कवटी बादलीत भिजत पडली. पाणी गढूळ झालं की बदलायचं, सुटलेले पापुद्रे जुन्या टूथब्रशने काढायचे. पण जन्माची सवय अशी सुटते होय? पाण्याने किती वेळ लागतो, ॲसिडने झटपट होईल, असं वाटून त्यांनी खालच्या जबड्याचा एक तुकडा संडास धुवायच्या ॲसिडमध्ये टाकून पाहिला. सकाळी काढला तर तो रबरासारखा वाकला. दौलतराव चांगलेच हबकले. लोखंडाचा फक्त गंज जातो, इथे हाडच विरघळलं होतं. हात पुसून त्यांनी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि मग मुकाट्याने हाडाच्या कलाने घ्यायला लागले. कोमट पाणी, भांड्याचा साबण, मग मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. शिंगांचा तपकिरी रंग उडू नये म्हणून ती कोरडी ठेवून ते कापसाने फक्त हाड टिपत राहायचे.

दुपारी बादलीशेजारी खुर्चीतच डोळा लागायचा. मग इमारतीचा लांबलचक पॅसेज पाल्याने भरून जायचा. लिफ्टचं दार उघडायचं आणि आतून हरणं बाहेर यायची, खुरांचा आवाज न करता, दारादारांशी थांबून वास घेत. त्यांच्यामागून माया, पदर खोचलेली, हातातल्या सुपात काहीतरी. दौलतराव उठायला बघायचे आणि पाय हलायचे नाहीत. जाग आली की समोर बादली असायची आणि पाण्यात पांढरं पांढरं होत चाललेलं ते तोंड. हे दिवस संपूच नयेत असं त्यांना वाटायला लागलं होतं.

पण काम संपलं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेल्या शिसवी फळीला त्यांनी पॉलिश केलं आणि पितळी स्क्रूंनी कवटी तिच्यावर बसवली. भिंतीला ड्रिल मारताना फळी धरायला वॉचमन सोमाला वर बोलावलं. सोमा बारवीकडच्या एका पाड्यावरचा.

“हा भेकर हाय काका,” सोमा म्हणाला. “नर हाय, सुळे बघा ना त्याचे. कुठं गावला?”

“ओहोळात पडला होता.”

“मग साळिंदराच्या तोंडचा पळवलात की तुम्ही. त्याला हाडं लागतात कुरतडायला.” सोमा हसला, फळी नीट टांगून खाली गेला. दौलतरावही हसले. भिंतीवर भेकर फार देखणं दिसत होतं.

पौर्णिमेला संध्याकाळी दौलतराव पांढरा सदरा घालून वंदनेला बसले, शेजारी रविना. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. प्राण्याची हिंसा करणार नाही, हे पहिलं शील त्यांनी ठसक्यात म्हटलं आणि म्हणताना रविनाकडे तिरका कटाक्षही टाकला. दुसऱ्या शीलाला जीभ अडली. न दिलेलं घेणार नाही. लहानपणापासून म्हणत आलेलं शील. याच शीलाच्या जोरावर कारखान्यातला एक खिळासुद्धा त्यांनी कधी घरी आणला नव्हता. भेकर त्यांना कोणी दिलं होतं? पप्पा विसरले असं वाटून रविनाने ओळ सांगितली. तिच्या मागून त्यांनी ती कशीबशी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फळी भिंतीवरून उतरवली, स्क्रू काढले आणि कवटी पिशवीत घालून बस धरली. ओहोळात पाला बाजूला सारून ती होती तशी ठेवली. लगेच उठवेना.

“माया, तुला मी नेलं नाही,” ते म्हणाले. “ओव्हरटाइमचं नाव सांगत राहिलो. खरं म्हणजे मला वाटायचं, तू कुठे जाणार आहेस? आहेसच की घरात.”

एवढं बोलल्यावर मात्र त्यांना रडू आवरलं नाही. तिला स्मशानात नेलं तेव्हासुद्धा ते इतके रडले नव्हते. खूप वेळ ते तिथेच बसून राहिले. पाल्यावर ऊन येत जात होतं.

घरी आले तेव्हा रविना भिंतीकडे बघत उभी होती. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता.

“बरं केलंत पप्पा,” ती म्हणाली. “पण मम्मीच्या समोर आता काय लावायचं? भोकं दिसतात.”

दौलतरावांनी मायाच्या फोटोकडे पाहिलं. सारनाथचं नाव तिने कधीच सोडून दिलं होतं. नंतरची सगळी वर्षं, सकाळी डबा हातात देताना, ती फक्त एवढंच विचारायची, आज तरी लवकर याल का?

त्यांनी गॅलरीतली खुर्ची उचलली आणि भोकांखाली, भिंतीला टेकून ठेवली.

“काही नको लावूस,” ते म्हणाले. “इथे मी बसतो.”