आष्टीतल्या न नेलेल्या तसबिरी

पुण्याहून सकाळच्या बसला बसले तेव्हा पिशवीत शमीमचं पत्र होतं. तीन वर्षांपूर्वीचं. मी संग्रहालयात जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचं काम करते, हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. तिचे वडील युसूफभाई हे आष्टीतले जुने पेंटर. त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत आपल्या चित्रांची गॅलरी मांडली होती. त्यातल्या एका तसबिरीचा रंग सुटू लागलाय, काय करावं, असं तिनं विचारलं होतं. 'लवकरच येते' असं मी कळवलं आणि गेले नाही. कामं होती, असं म्हणता येईल. खरं म्हणजे आष्टी माझ्या वाटेवर नव्हती, आणि पत्र कुणा मोठ्या माणसाचं नव्हतं.

नगर सोडल्यावर हिरवा रंग विरत गेला. उघडे माळ, बाभळी, मधेच ज्वारीचा एखादा तुकडा. माणसं ऊसतोडीला गेलेली, त्यामुळे वाटेवरच्या वस्त्यांत दारोदार कुलपं. पुढे टायर पंक्चर झाला आणि तासभर रस्त्याकडेला बसावं लागलं. आष्टीला उतरेपर्यंत ऊन चढलं होतं.

निघण्याआधी फोन केला तेव्हा शमीमनं दुपारी यायला सांगितलं होतं, म्हणून आधी एका शाळेतलं वस्तुसंग्रहालय पाहिलं. एका निवृत्त गुरुजींनी गावोगाव फिरून जमवलेल्या वस्तू : जातं, पेरणीची पाभर, निजामाच्या वेळचे तांब्याचे पैसे, विहिरीवरची मोट. मोटेचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं. मुलं येतात का, असं विचारलं, तर गुरुजी म्हणाले, येतात, पंखा चालू असला की. हसून म्हणाले, पण कुलूप लावताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

युसूफभाईंचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. शमीम चाळिशीची, शिवणकाम करणारी. तिनं आधी जेवायला वाढलं. खिचडी आणि खट्टा (चिंच-तिळाचं पातळ, आंबट कालवण). पत्राबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. मीच माफी मागायला लागले, तर तिनं माझ्या ताटात आणखी खिचडी वाढली.

युसूफभाई खुर्चीत बसून होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. तरी खोली त्यांनीच दाखवली, भिंतीला हात लावत. पूर्वी घरात कुणी गेलं की लोक छोटा फोटो आणून देत आणि ते त्यावरून मोठी रंगीत तसबीर करत. काही लोक तसबीर न्यायला आलेच नाहीत. अशा वीस-बावीस तसबिरी तिथं होत्या. हा कापडवाला, ह्याचा मुलगा परगावी गेला. ही तलवाड्याची सून, तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. प्रत्येकाची जागा त्यांना पाठ होती.

मी विचारलं, "टाकून कशा दिल्या नाहीत?"

"माणसं हायत ती, ताई," ते म्हणाले. "कुठं टाकायची?"

शेवटच्या भिंतीवर त्यांच्या बायकोची तसबीर होती. शमीम सहा महिन्यांची असताना ती गेली. तिचा एकही फोटो नव्हता. युसूफभाईंनी आठवणीतून काढली होती. त्यांनी तिच्यासमोर मला उभं केलं. पत्र्यातून गळलेलं पाणी वरून खाली उतरलं होतं. चेहऱ्याचा सगळा रंग पोपडे होऊन गळून पडला होता. नुसतं कापड दिसत होतं. खाली हिरव्या बांगड्यांचा एक हात तेवढा शाबूत.

शमीमनं माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. सांगू नका.

"तुमी जाणकार," युसूफभाई म्हणाले. "कशी दिसती?"

मी हाताबद्दल बोलले. बांगड्यांवरचा उजेड, बोटांची ठेवण. ते खरं होतं. ते म्हणाले, चेहऱ्याचं सांगा. मग मी शमीमकडे पाहिलं आणि तिचाच चेहरा सांगत गेले. रुंद कपाळ, जाड भुवया, हनुवटीवरची बारीक खळी. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग एक करा. माझ्यामागं ह्या घराचं काय व्हईल ठाऊक न्हाई. हिला तुमच्या म्युझियमला न्या. तिथं लोक बघतील तिला."

आता मला पुढं खोटं बोलता येईना. चित्र नेलं तर त्यांना सांगायला मी पुन्हा काय रचणार होते?

"चाचा," मी म्हणाले, "चेहरा राहिला नाही. पाण्यानं गेला. मी वेळेवर आले असते तर कदाचित वाचवता आला असता."

ते उठले. तसबिरीवर तळहात ठेवून वरून खाली चाचपत आले. जिथं रंग लागला तिथं हात थांबला. कधी झालं, असं त्यांनी विचारलं. शमीम म्हणाली, दोन पावसाळे झाले. मला वाटलं ते तिच्यावर रागावतील. त्यांनी तिच्याकडे तोंड वळवलं आणि आपल्या घरच्या बोलीत म्हणाले, "इत्ते दिन अकेलीच दबाके रखी क्या गे?" (इतके दिवस एकटीनंच मनात दाबून ठेवलंस का गं?)

शमीम भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली.

मी उरलेला रंग पातळ कागद लावून धरून ठेवला, तसबीर कोरड्या भिंतीवर हलवली. यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. स्टँडवर सोडायला आली तेव्हा शमीम म्हणाली, आईचा चेहरा मला फक्त त्या चित्रातून माहीत होता. आता तोही नीट आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावत होते, की अखेर खरं सांगितलं. पण तीन वर्षं न जाण्यावर ते पांघरूण घालता येत नव्हतं. आमच्या कामात आम्ही काळाला दोष देतो, दमटपणाला देतो, वाळवीला देतो. एका पत्रासाठी वेळेवर गाडी न पकडणं, हे कुठल्याच यादीत नसतं.

पुण्यात आल्यावर त्या तसबिरीची नोंद लिहायला बसले आणि लक्षात आलं, की युसूफभाईंच्या बायकोचं नाव मी विचारलंच नव्हतं. फोन लावला. शमीमनं तो वडिलांकडे दिला.

"खैरुन्निसा," युसूफभाई म्हणाले. मग पुढं म्हणाले, "पन मी खैरू म्हनायचो. दोन्ही लिवा."

मी दोन्ही लिहिली.