रंगनाथमामांचं दार

रंगनाथमामांना कॉलेजच्या संगणक लॅबमधून काढलं ते माझ्या चुकीमुळे. आणि चूक त्यांची आहे, असं प्राचार्यांना सांगणाराही मीच.

मामा लॅबचे शिपाई. तेलगावहून सायकलवर यायचे आणि दारात स्टूल टाकून बसायचे. "ओळखपत्र हाय का? न्हाई? मग वहीत नाव हाय का? तेबी न्हाई? मग जा, सरांची चिठ्ठी आण." एका प्रश्नाला हो आलं की पुढचा विचारायचे नाहीत, पोरगं आत. मी तिथला शिक्षक; जावा ही प्रोग्रामची भाषा शिकवताना 'इफ, एल्स-इफ'ची साखळी मी त्यांच्याच दारावरून समजवायचो. जी अट पहिल्यांदा खरी ठरते ती निकाल देते, खालच्या अटींकडे संगणक बघतही नाही. मामा हसायचे. "म्हंजे मशिनीला बी माझ्यावानीच कट्टाळा हाय."

दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला गेल्या की वसतिगृहाची नवी यादी लागते. एका वर्षी तिच्यासाठी मी जावात प्रोग्राम लिहिला. अर्ज मामांनी एका बोटाने टाइप केले. यादीत जवळच्याच गावातल्या एका मुलीचं नाव नव्हतं. आईबाप तोडीला, घराला कुलूप. अशांना जागा आधी द्यायची, हा नियमच होता. मामा तिला घेऊन प्राचार्यांच्या खोलीत आले. मीही तिथेच होतो.

"सर, आदी ऊसतोड इचारायची, मग अंतर. तुमच्या मशिनीनं आदी अंतर इचारलं का काय?"

प्राचार्यांसमोर शिपायाने मला प्रोग्राम शिकवावा, हे सहन झालं नाही. "मामा, तुम्हीच अर्ज चुकीचा भरला असेल," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून त्यांची नेमणूक गेटवर.

मामांना दोष दिला त्याच संध्याकाळी मी प्रोग्राम उघडला होता. घर वीस किलोमीटरच्या आत असेल तर जागा नाही, ही अट मीच सगळ्यात वर लिहिली होती. ऊसतोडीची अट तिच्या खाली. मुलीचा अर्ज तिथपर्यंत पोचलाच नव्हता. दोन्ही अटींची जागा बदलली, सुधारित यादी लावली आणि गप्प बसलो.

गेटवर मामांनी एवढंच विचारलं, "त्या लेकीला जागा भेटली का?"

"भेटली."

"मग बास."

चार वर्षं मी त्या गेटातून मान खाली घालून गेलो.

मामांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. भाषण खिशात होतं, ते काढलं नाही. प्राचार्य होते, पोरं होती. शाल सावरत बसलेल्या मामांकडे बघून म्हणालो, "मामा, तुम्ही भरलेला अर्ज बरोबर होता. अटी मी उलट्या लावल्या होत्या, आणि ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मला माफ करा."