फ्रँककाकांचं गाळलेलं पान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही नीटसं कळत नाही.

२००४ साली आम्ही अमेरिकेत, फ्रिस्को शहरात नवे होतो. नवऱ्याला नोकरी, मला डिपेंडंट व्हिसा — कामाची परवानगी नाही. शेजारी फ्रँक राहायचे. ऐंशी ओलांडलेले, एकटे. एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारवेना, म्हणून मी त्यांना फ्रँककाका म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात ते चार इंजिनांच्या अवजड बॉम्बर विमानात होते. बॉम्ब सोडणं हे त्यांचं काम. त्यांच्या तुकडीतले उरलेसुरले सोबती मेळाव्याला जमणार होते, आणि त्यांच्यात वाटण्यासाठी काकांना आठवणींची छोटी पुस्तिका छापायची होती. पण डोळे गेलेले. मग दुपारी ते सांगायचे, मी वहीत उतरवायची, घरी येऊन टाइप करायची. इंग्लंडमधला तळ, तिथला चिखल, आकाशातली थंडी — उघड्या हाताने लोखंडाला शिवलं की कातडी सोलून निघायची म्हणे.

एके दिवशी त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. मग म्हणाले,

"जर्मनीवर ढग होते, टार्गेट दिसलंच नाही. परतताना एक इंजिन बंद पडलं. आम्ही खूप खाली आलो, ओझं टाकणं भाग होतं. ढगांत फट पडली — खाली गाव. दोरीवर कपडे वाळत होते. दोन मिनिटांत मोकळी शेतं आली असती. मी थांबलो नाही, तिथेच बॉम्ब सोडले. रिपोर्टमध्ये रेल्वे यार्ड म्हणून सांगितलं. हे घाल. सांगतोय तसंच घाल."

मी वहीतून परत वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

ते पान मी टाइप केलंच नाही.

का? आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज पडून होता. दुकानात लोक आमच्याकडे वळून बघायचे — अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवसच तसे होते. अमेरिकन सैनिकाबद्दल असलं काही एका परक्या बाईने लिहिलं, असं कुणी म्हणालं तर? पण कोण म्हणणार होतं? पुस्तिकेवर माझं नावसुद्धा नव्हतं.

"सगळं आलंय ना?" छापील प्रती हातात घेऊन त्यांनी विचारलं.

"हो, काका."

मेळाव्याहून ते परतले तेव्हा मी भेटायला गेले. म्हणाले, "त्या गावाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. बॉबी दरवर्षी जेवायला माझ्याशेजारी बसतो. या वेळी दुसऱ्या टेबलावर बसला. वाचलं असणार."

तेव्हा — तेव्हा तरी सांगायला किती लागलं असतं? एक वाक्य. मी विचारलं, "चहा ठेवू का?"

त्यानंतर सोबत्यांचे फोन आले की ते वाजू द्यायचे. पुढच्या मेळाव्याला गेले नाहीत. त्याच हिवाळ्यात वारले.

अंत्यविधीला बॉबी आले होते, वॉकर धरून. मी शेजारीण, हे कळल्यावर माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "तो आमच्यावर रागावला होता का? तुला कधी काही बोलला?"

"नाही," मी म्हणाले. "मला काही माहीत नाही."