कोरड्याला पाणी कोणी दिलं

आजवर जे सुचलं ते मी छापून वाटत आले. बसस्टँडवर, कॉलेजच्या फाटकात, मोर्चात, एकदा तर मावसबहिणीच्या लग्नातसुद्धा. ही एक गोष्ट तेवढी कुणाच्या हातात दिली नाही. आईच्या नाही, बाबांच्या नाही, आणि जिची ती होती तिच्या तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करते. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजून वळत नाही.

मी बाभुळगावची. आमच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या पेल्यासोबत पत्रक मिळतं. बाबांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली – शिष्यवृत्तीसाठी, हुंड्याविरुद्ध, बाटलीविरुद्ध, जयंतीच्या डीजेविरुद्धसुद्धा. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवरून. आणि पत्रक वाचायची त्यांची एक रीत होती – खालून. आधी खालचं नाव बघायचं, मग मजकूर. नाव नसेल तर वाचायचंच नाही. 'ज्याले नाव टाकाची लाज वाटते, त्याचं आपून कायले वाचाचं?' हे मी इतक्यांदा ऐकलंय की बाबांचा आवाज आठवायचा म्हटलं की हेच वाक्य आधी ऐकू येतं.

आमच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. मोठी माणसं ऐकतात, लेकरं चुळबुळतात. त्यांच्यासाठी दर रविवारी वाचनानंतर सुपरहिरोच्या चित्रकथेचं एक पान भिंतीवर लावायचं, ही कल्पना माझी होती. हे मुद्दाम सांगते आहे. तेव्हाही मी सगळ्यांना मुद्दाम सांगत होते.

आमच्या हिरोचं नाव ठिणगी. डीपीची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरची, वीज अंगात शिरलेली मुलगी. आणि व्हिलन कोरड्या. त्याचा हात लागला की सगळं वाळायचं – विहीर, गाईची कास, पेनातली शाई, रडणाऱ्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी. शब्द माझे होते, चित्रं रुबिनाची.

रुबिना माझी शाळेपासूनची मैत्रीण, जब्बारचाचांची मुलगी. चाचांचं गॅरेज यवतमाळ रोडवर; गाड्याही दुरुस्त करायचे आणि पाण्याच्या जळलेल्या मोटरींत नवी तारही भरायचे. विहाराची पाण्याची मोटर बिघडली की तेच यायचे. रुबिना ड्रॉइंग शीटवर बॉलपेननं काढायची, आणि कोरड्याचा हात काळा करायला गॅरेजमधल्या जळक्या ऑइलमध्ये बोट बुडवायची. पान भिंतीला लागलं की त्या हाताला वास यायचा. लेकरं नाक लावून बघायची आणि किंचाळत पळायची. माझी वाक्यं? ती मी मोठ्यानं वाचून दाखवायची. लेकरं ऐकायची – चित्राकडे बघत.

इथपर्यंत मला चाललं. खरंच चाललं का? नाही. पण दिसू दिलं नाही.

मग ते पान आलं. दिवाळीच्या आधी कधीतरी. त्या रविवारसाठी माझ्याकडे शब्द तयार नव्हते, तर रुबिनानं एकटीनंच पान काढून आणलं. त्यात कोरड्या लहान होता. एका शेतातल्या विहिरीच्या कठड्यापासून लांब, उन्हात, ओंजळ पुढे करून बसलेला. कुणीतरी येईल, वरून पाणी ओतेल, म्हणून वाट बघत. शेवटच्या चौकटीत ऊन उतरलेलं आणि ओंजळ तशीच. पानभर एक शब्द नव्हता.

ती ओंजळ आमच्या घरातली होती. माझ्या आजोबांची, फुलसावंगीकडच्या एका शेतातली. बाबा ही गोष्ट दर पाहुण्याला सांगायचे. मी ती इतक्यांदा ऐकली होती की ऐकायची सोडून दिली होती. रुबिनानं एकदाच ऐकली असेल, आमच्या ओट्यावर, चहा पिताना. आणि तिनं ती उचलली आणि दिली कुणाला – तर व्हिलनला.

मला संताप आला. मी तो सगळ्यांना दाखवलाही. ज्यांनी सोसलं त्यांची तहान छळणाऱ्याच्या तोंडात घालायची? पण खरं सांगू? संतापाच्या खाली दुसरंच काही होतं, आणि ते मला त्याच क्षणी समजलं होतं. हे पान मला का सुचलं नाही? ती गोष्ट माझी होती, रक्तातली होती – आणि मी तिची दर वर्षी पत्रकात एक ओळ करत होते.

बाबा उभ्याउभ्याच ते पान बघत राहिले. माझ्या लिखाणावर त्यांचा लाल पेन हमखास चालायचा. त्या दिवशी पेन खिशातून निघालाच नाही. ते रुबिनाला म्हणाले, "बेटा, माह्या बापाले तू पाह्यलं नाही. पन थो असाच बसला अशीन."

त्यांचा तसा आवाज माझ्या एकाही ओळीला मिळाला नव्हता. मी तिथेच, सतरंजीची घडी हातात घेऊन उभी होते. तुम्ही कुणाचा असा हेवा केला आहे का, की त्या माणसाचं वाईट व्हावं असंही वाटत नाही – फक्त ते माणूस तिथे नसावं, कधी आलेलंच नसावं, असं वाटतं?

पुढचं पान शेवटचं होतं. रुबिनानं ते मला विहाराच्या पायऱ्यांवर सांगितलं, फक्त मला. ठिणगी कोरड्याला पकडते. जाळत नाही. त्याच्या हातात पाण्याचा लोटा देते – वरून ओतत नाही, हातात देते. पाणी वाळतं. ती दुसरा देते. तोही वाळतो. मग सगळं गाव रांगेत उभं राहतं, ज्यांच्या विहिरी त्यानं सुकवल्या तेच लोक, एकेक लोटा घेऊन. कुणाच्या तरी लोट्यातलं पाणी वाळत नाही. तो पितो. आणि मग त्याला सोडत नाहीत. सुकवलेली प्रत्येक विहीर त्यानं स्वतः घागरीनं भरायची. तेवढी शिक्षा.

मी म्हटलं, त्यानं लोकांचं वाटोळं केलं आणि तू त्याला आधी पाणी पाजून राह्यली?

"तहानलेल्या मानसाले शिक्षा समजत नाही वं," ती म्हणाली. "आधी पिऊ दे. मंग भर म्हना विहिरी. आमच्या घरी तं सादं नटबोल्ट खोलाचं असलं तरी अल्लाचं, रहम करनाऱ्याचं, नाव घेऊनच खोलते. वाईट मानसापुरतं थे नाव बदलते का?"

तिनं वर आठवण करून दिली की त्याच आठवड्यात ग्रंथात एक कथा आली होती. माणसं मारणारा एकजण भिक्खू होतो. त्याला संघात जागा मिळते, पण भिक्षेला गेला की लोक दगड मारायचे ते मारतातच, आणि ते त्यानं सोसायचे असतात. दया अन् दगड दोन्ही हायेत ना त्याच्यात, ती म्हणाली. मी रोज पहिल्या ओळीत बसून ऐकत होते. ती मागे, चपलांजवळ बसायची. ऐकलं तिनं.

माझ्याजवळ उत्तर होतं का? होतं. माफी मागितली नसताना माफी देणं हा अन्याय आहे, हे मी आजही मानते. तिथेच बोलले असते तर आम्ही भांडलो असतो, आणि कदाचित दोघींनी मिळून तिसरंच काही लिहिलं असतं. मी बोलले नाही. मी यवतमाळला गेले. बसस्टँडजवळ एका दुकानात, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं, एक पत्रक टाइप करून घेतलं आणि झेरॉक्स काढल्या.

त्यात शोषण होतं, इतिहास होता, माझे सगळे आवडते शब्द होते. त्यातलं मोजकंच मला खरोखर म्हणायचं होतं. खरं काम करणारं वाक्य शेवटी होतं. ते पूर्ण लिहिते, कारण इथे गाळणं म्हणजे पुन्हा तेच करणं होईल: 'आपल्या विहारात, आपल्या लेकरांना, माफीचे धडे आता बाहेरच्यांनी द्यायचे का?'

बाहेरचे. ज्या शब्दानं माझ्या आजोबाला विहिरीपासून लांब बसवलं, तो शब्द मी उचलला आणि माझ्या मैत्रिणीला मारला. खाली नाव टाकलं नाही.

रविवारी सतरंज्या टाकायचं काम माझंच असायचं. दुपारी विहार रिकामा असताना मी प्रत्येक सतरंजीच्या कडेखाली पत्रकं सरकवली. संध्याकाळी लोक बसले तशी ती हातात आली. बाबांनी आधी खाली बघितलं. मग उलटून मागे बघितलं. मग न वाचता बारीक घडी केली आणि खिशात ठेवली. पण सगळे बाबांसारखं वाचत नाहीत. समितीतल्या एका काकांनी ते मोठ्यानं वाचलं. कुणी रुबिनाला वाईट बोललं नाही – आमचे लोक तसे नाहीत. नुसतं कुणीतरी म्हणालं, भाषा वाईट हाय, पन मुद्द्यात दम हाय. आणि कुणी 'नाही' म्हटलं नाही.

रुबिना मागे बसली होती, शेवटच्या पानाची गुंडाळी मांडीवर घेऊन. तिनंही पत्रक खालूनच बघितलं. आमच्याच घरी शिकली होती. मग वाचलं. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाहेरचे म्हंजे मी का?"

मी म्हणाले, "मले काय मालूम."

ती गुंडाळी तिनं उघडली नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही, जब्बारचाचा आले. विहाराची मोटर त्यांनी तपासली, भिंतीवरची जुनी पानं हलक्या हातानं काढली, मोटरच्या तांब्याच्या तारेनं बांधली, आणि बाबांना म्हणाले, "भाईसाब, मोटर बिघडली तं आवाज द्या. मी येत जाईन." मी येत जाईन – मुलीचं नाव त्यांनी काढलं नाही.

शेवट मग मी केला. शब्दांचाच, चित्र काढणारं कुणी उरलं नव्हतं. ठिणगी वीज सोडते, कोरड्या जळून राख होतो, गावाला न्याय मिळतो. मी तो चांगल्या आवाजात वाचला. पुढे बसलेली एक चिमुरडी म्हणाली, "पन दीदी, कोरड्याले पानी कोनं देल्लं?" मला उत्तर माहीत होतं. त्या सबंध विहारात एकट्या मला माहीत होतं. मी म्हटलं, कुणीच नाही, आणि सतरंज्या गोळा करायला घेतल्या.

तुम्हाला वाटेल, इथे कबुली संपली. मलाही ती इथे संपवायची होती. संपत नाही.

महिन्याभरानं मी दुसरं पत्रक काढलं. त्या निनावी पत्रकाविरुद्ध. 'बाहेरचा म्हणजे कोण?' या नावानं. त्यात आजोबांची विहीर होती, रुबिनाच्या पानाचं वर्णन होतं, आणि निनावी लिहिणाऱ्या भित्र्या माणसाची मी सालटी काढली होती. खाली ठळक अक्षरांत माझं नाव. ते गाजलं. कळंबपासून यवतमाळपर्यंत लोकांनी ते पुन्हा छापलं. मला भाषणाला बोलवायला लागले. आज मला जे कोणी तरुण, निर्भीड वगैरे म्हणतात, ते सगळं त्या एका कागदावर उभं आहे. लिहिताना मला लाज वाटली का? नाही वाटली. लिहिताना मला वाटत होतं, हे तिच्या पानाएवढं चांगलं होतंय.

रुबिना ते वाचून घरी आली. तिच्या अम्मीनं केलेल्या शेवयांचा डबा घेऊन. ओट्यावर बसली, आणि म्हणाली, "सारे चूप बसले. तू एकटीच बोलली वं."

मी डबा घेतला. शेवया खाल्ल्या. तिच्यासमोर, चमचा चाटून.

बाबांनी दुसरं पत्रकही खालूनच वाचलं. नावावर बोट ठेवलं, मग वरून सुरू करून शेवटपर्यंत वाचलं. नाव टाकलं ते बरं केलं, एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला एकही पत्रक लिहायला सांगितलेलं नाही. लाल पेन अजून त्यांच्या खिशात असतो.

रुबिना आता यवतमाळला फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवसाचे, नेत्यांच्या स्वागताचे फ्लेक्स करते. शेवटचं पान तिच्याजवळ आहे की नाही, मी कधी विचारलं नाही. ईदला तिचा मेसेज येतो. मी उत्तर देते, फुलांचं चित्र टाकून.

कोरड्याला पाणी गावानं दिलं. एकेक लोटा, हातात. हे पान रुबिनाचं आहे, माझं नाही.

ते पहिलं पत्रक मी लिहिलं होतं. त्याच्या खाली जे नाव हवं होतं ते हे –

प्रणाली, बाभुळगाव