धुवायला दिलेलं पांढरं लुगडं

आमच्या डेऱ्यात माझ्यासारखी थापाडी दुसरी नव्हती. माझ्या एका टाळीनं सक्करदऱ्याच्या तलावातले मासे काठावर येऊन पडतात, मौद्याच्या एका पाटलानं माझा नाच पाहून बैलजोडीच ओवाळून टाकली, असं मी सांगायची आणि बाकीचे हिजडे हसून लोळायचे. माझी माय तर मी दर वर्षी नव्यानं मारायची. कधी ती पुरात वाहून जायची, कधी रामटेकच्या गडावरून पडायची, एकदा तिला वाघानंच नेलं. शेवटी गुरू म्हणाल्या, "अवं, एखाद्या वर्षी तरी तिले जिती राहू दे."

ती जितीच होती. तलावाच्या पलीकडे, आमच्या बौद्ध वस्तीत. डेऱ्यापासून वीस मिनिटांची वाट. ती मी अकरा वर्षांत एकदाही चालले नव्हते.

मायकडे एक पांढरं लुगडं होतं. दीक्षेच्या दिवशी ते नेसून, मला बोटाला धरून ती मैदानावर गेली होती. त्यानंतर ते फक्त विहारासाठी आणि लग्नासाठी पेटीतून निघायचं. आमच्यात नवरीसुद्धा पांढरंच नेसते. पंधराव्या वर्षी, घरात कोणी नाही असं पाहून मी ते नेसले. अप्सरा दिसत होते, ही थाप नव्हे. तेवढ्यात बाप आला. त्यानं लुगडं फेडायला लावलं आणि मला घराबाहेर काढलं. माय नळावरून परतत होती. डोक्यावरचा हंडा न उतरवता ती अंगणात उभी राहिली. 

अकरा वर्षांनी गुरू गेल्या. गुरू गेली की आम्ही चेले बांगड्या फोडतो आणि विधवेसारखं चाळीस दिवस पांढरं नेसतो. माझ्या पेटीत लाल, हिरवं, जांभळं, मोरपंखी, सगळं होतं; पांढरी चिंधी नव्हती. आमच्या वस्तीतली एक भाजीवाली दारावर यायची. बाप वारल्याचं दोन वर्षांपूर्वी तिनंच सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, "कोणाचं पांढरं लुगडं भेटन का? मले नेसाले पाहिजे." रडून रडून आवाज बसला होता. कशाला पाहिजे, ते सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेऱ्याच्या दारात माय उभी. केसांना तेल लावलेलं, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं लुगडं, हातात मोगऱ्याचा गजरा. मी ओट्यावर बसले होते, फुटक्या बांगड्या अजून झाडल्या नव्हत्या.

"नवरदेव कुठी हाय?" तिनं विचारलं.

"कोणाचा नवरदेव?" मी म्हटलं.

"भाजीवाली बोलली, तुले पांढरं लुगडं पाहिजे. मले वाटलं, पोरीचं लगन जुळलं." मग तिची नजर माझ्या मनगटांवर गेली. "काहून वं? काय झालं?"

"माझी गुरू गेली, माय. तिच्यासाठी नेसाचं हाय."

गजरा कुठं ठेवावा हे तिला सुचेना. तिनं तो गुरूंच्या रिकाम्या खाटेवर ठेवला. मग मला उभं केलं, स्वतःच्या हातांनी निऱ्या केल्या आणि खोचता खोचता म्हणाली, "नेसून झालं का धुऊन घरी आणून दे."

घरी! चाळीस दिवस मी तो एक शब्द चघळला.

चाळिसाव्या दिवशी शोकाची लुगडी नदीत सोडायची, परत आणायची नाहीत, अशी आमची रीत. मी लुगड्याऐवजी जुनी चादर सोडली आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून हंबरडा फोडला. चादर खोटी होती, हंबरडा खरा होता.

लुगडं धुतलं, खळ दिली, लोट्यात निखारे घालून इस्त्री केली आणि घरी गेले. नेमके त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावाला पाहायला पाहुणे आले होते. मला घराबाहेर काढलं तेव्हा तो सात वर्षांचा होता.

"कोण हाय माय?" त्यानं आतून विचारलं.

माय दारात आडवी उभी राहिली. "धोबीण हाय."

थाप मारण्यात मी मागे राहणार? घडी तिच्या हातात देत मोठ्यानं म्हटलं, "बाई, खळ जराशी कडक झाली, पाहून घ्या."

माय माझ्याहून बिलंदर निघाली. आत जाऊन तिनं दुसरं लुगडं आणलं. धुतलेलं, घडीसुद्धा न मोडलेलं. "हे बी धुऊन आण. बुधवारी ये. पोरगा कामावर राहते."

बारा वर्षं मी मायची स्वच्छ लुगडी धुतली. धुऊन धुऊन त्यांची जाळी झाली. मी ओसरीवर बसायची, ती पाणी द्यायची, मी थापा द्यायची. तिला वाघानं नेलं होतं हेही एकदा सांगितलं. ती पदरात तोंड घालून हसली. "मंग वाघाचं काय झालं वं?"

उंबरा मात्र मी एकदाही ओलांडला नाही.

एका बुधवारी तिनं पुन्हा ते पांढरं लुगडं दिलं. "हे जपून धू," म्हणाली. पुढच्या बुधवारी घेऊन गेले, तर अंगणात माणसं बसलेली आणि आत बायका पेटी उपसत होत्या. त्या पांढऱ्या लुगड्यातच मला न्या, असं मायनं सांगून ठेवलं होतं. आता ते लुगडंच सापडत नव्हतं.

मी घडी पुढे केली. भावानं ती घेतली आणि विचारलं, "तुम्ही कोण, बाई?"

जन्मभर हजार थापा मारल्या, पण मारावीशी न वाटलेली ही एकच.

"धोबीण," मी म्हटलं.

तो लुगडं घेऊन आत गेला. दार लोटलं गेलं. आतून कोणा पोरीचा आवाज आला, "नऊवारी हाय. याच्या निऱ्या कोणाले येते वं?"

मला येत होत्या.